ईशान्येतला जिना

मोहाडीत घरी बसून लॅपटॉपवर, कॅड सॉफ्टवेअरमध्ये, घरांचे नकाशे काढायचे आणि त्या पैशांवर कॉलेज सुरू ठेवायचं, असं मी आईला सांगून ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच, त्यामुळे माझं म्हणणं खरं की खोटं हे ठरवायला कोणी नव्हतं. शहापूरला हायवेवरच्या झेरॉक्सच्या दुकानात काकांनी माझ्यासाठी जागा बघितली होती. दुकान दिवसभराचं. तिथे गेले तर कॉलेज सुटणार, हे उघड होतं. काकांना सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

अशात, मी नेटवर काम मागितलं होतं तिथून, एका माणसाने मोबाईलवर एका घराच्या वरच्या मजल्याचं हाताने काढलेलं कच्चं चित्र पाठवलं. त्याचा नकाशा काढून द्या, ही ट्रायल, तिचे पैसे नाहीत. आवडलं तर पुढे कायम काम. त्याच्या फोटोच्या जागी एक काचेची इमारत होती. माणूस दिसत नव्हता.

आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "धानाच्या रोवण्याले जातो तवा मालक म्हनते का, पयले वावरातली एक बांधी फुकट लावून दाखवा?"

"माय, इकडं असंच राहते," मी म्हटलं. तसं खरंच असतं का, मला माहीत नव्हतं.

नकाशा काढू लागले आणि जिन्याशी अडले. तो ईशान्येच्या कोपऱ्यात होता. आमच्याकडे ईशान्येत देव ठेवतात, विहीर खणतात. जिना कोणी घालत नाही. खालचा मजला पाठवता का, म्हणून त्या माणसाला विचारलं. उत्तर आलं, "जेवढं दिलं तेवढंच करा."

तेव्हापासून मन लागेना. शेवटी आंबागडच्या मैत्रिणीला फोन लावला. आम्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर. पण काम शोधतोय हे दोघींनीही एकमेकींना सांगितलेलं नव्हतं.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"काही नाही. तू?"

"मीबी काही नाही."

तिच्याकडे माऊसची टिकटिक ऐकू येत होती.

"एक सांग," मी म्हटलं, "ईशान्येत कोनी जिना ठेवते का?"

टिकटिक थांबली. "तुले कोनं सांगतलं?" तिचा आवाज बदलला होता. "माह्या लॅपटॉपमंधी पाहिलं का तू?"

"तू आंबागडले, मी मोहाडीले. कशी पाहीन?"

तरी तिचा विश्वास बसेना. माझाही बसत नव्हता. तिनेच कुठून तरी कळून माझं काम स्वतःकडे ओढलं असेल, असंही मनात येऊन गेलं. मग दोघींनी एकदमच एकमेकींना आपापला नकाशा पाठवायचं ठरवलं. तिच्याकडे खालचा मजला होता. मी तो माझ्या मजल्याखाली ठेवला. जिन्याला जिना बरोबर बसला. घर एकच होतं.

"अन् गच्ची कोनाकडं असन वं?" ती म्हणाली, आणि आम्हाला हसू आलं. बरं मात्र वाटलं नाही.

मूळ फाईल दिली नाही. दोन्ही मजल्यांचं एकच चित्र त्याला पाठवलं आणि लिहिलं, आधी मेहनताना ठरवा, मग फाईल देऊ. त्याने विचारलं, "तुम्ही दोघी ओळखता का एकमेकींना?" आम्ही हो म्हटलं. थोड्या वेळाने काचेची इमारत दिसेनाशी झाली. त्याने आम्हाला ब्लॉक केलं होतं.

सोमवारी काकांचा फोन आला. आईने तो माझ्या हातात दिला.

"काका, दुपारनंतर येतो. सकाळी कॉलेज हाय."

"दुकान तुह्या कॉलेजच्या टायमानं उघडत नाही, बाई."

"मंग नाही जमत, काका." मी फोन ठेवला.

आई बघतच राहिली. "त्या मानसानं काम देल्लं का?"

"नाही."

"मंग कायच्या भरोशावर नाही म्हनतलं?"

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे आम्ही दोघींनी काढलं. गावात घरं बांधून राहिले लोकं, त्याइले विचारू."

आईने ते घर बराच वेळ पाहिलं. "काम देतीन का ते?" ती म्हणाली.

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं.