बिनबाकांच्या वर्गातल्या बाई

माझी कारभारीण वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर शेंगा फोडत समोरच्या शाळेतल्या नव्या बाईंना हसत होतो. त्यांनी बाकं काढून टाकली होती. एक पोर पालथं पडून वाचत होतं, दुसरं खिडकीशी उभं, पायानं अधू पोरगी गादीवर राणीसारखी.

"आता पोरं टांगून शिकवतीन ह्या," ही म्हणाली.

तिचा दहावा झाल्यावर घरात बसवेना. शाळेच्या दारात जाऊन टोमणा मारला, "बाई, वर्ग हाय का धर्मशाळा?"

उभ्यानं लिहिणाऱ्या पोरासाठी खिडकीशी फळी ठोकणाऱ्या बाईंनी तोंडातला खिळा काढला. "ज्याला जसं जमेल तसं शिकावं, बाबा. तुम्ही कसे बसायचात?"

"बसवंना म्हणून तर दुसरीतून पळालो."

"मग उभं राहून शिका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीत माझं नाव नव्हतं, तरी मागं उभं राहून मी मोठ्यानं 'हजर' म्हणालो.