पाटलांचा पांढरा बैल

छकडा उलटला आणि माझा नवरा बैलांमागे मातीतून फरफटत निघाला. कासरा त्याच्या मनगटाला गुंडाळलेला होता. शर्यतीच्या गाडीवानानं कासरा मुठीत धरावा, गुंडाळू नये, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. त्यालाही ते माहीत होतं. पण जोडीतल्या पांढऱ्या बैलाचा कासरा तो गुंडाळूनच घ्यायचा. म्हणायचा, "माजी नाडी त्याला कळती."

माझी नाडी त्यानं कधी बघितली नाही.

बैल पाटलांचे होते. निजामाच्या अमलात परंड्यापासून नळदुर्गापर्यंत कुठंही जत्रेत शर्यत असली की पाटील गाडी हाकायला माझ्याच नवऱ्याला न्यायचे. जिंकला की फेटा मिळायचा, लोक खांद्यावर घ्यायचे. शर्यत ठरली की गाडीवानानं घरी निजायचं नाही, गोठ्यात बैलांजवळ निजायचं, अशी रीत होती. शर्यत संपली तरी हा गोठ्यातच.

पांढऱ्याला तो कणकेचे गोळे चारायचा, वर तूप. मी तेव्हा अंगावर पाजत होते. मला भाकरी आणि तिखट. एकदा कोमट तेलानं त्याचे पाय चोळताना बघितलं आणि म्हटलं, "माजे पाय बी दुखतेत."

"तुला कुठं पळायचंय?"

सासू हसली. "लई नशिबाची गं तू. सवत मिळाली ती बी चार पायांची."

"दोन पायांची असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या," मी म्हटलं.

त्या दिवशी शर्यत अणदूरच्या शिवारात होती. चाक ढेकळावर चढलं, छकडा कलंडला. बैलांना वाटलं लोक नेहमीसारखेच ओरडतायत, म्हणून ते आणखी जोरात पळाले. मी बांधावर बायकांत उभी होते. कडबा विकणाऱ्याचा विळा उचलला आणि धावले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, आत जाऊ नका, बैल तुडवतील!"

पुढं ओघळ होती. पांढऱ्याचा पाय तीत गेला आणि तो कोसळला, म्हणून गाडी थांबली. मी पोचले तेव्हा नवऱ्याची पाठ सोलली होती, तोंडात माती होती. तरी शुद्धीवर होता. मी विळा मनगटाजवळ नेला तर म्हणाला, "त्याच्या वेसणीकडनं काप. नाक फाटंल त्याचं."

"गप पडा तुमी," म्हटलं, आणि कासरा हाताजवळूनच कापला. हात काळानिळा पडला होता.

पाटील आले ते आधी बैलाकडे गेले. त्यात मला नवल वाटलं नाही, बैल त्यांचा होता. पण माझा नवरा कोपरावर उठायला लागला. "पांढऱ्याचं काय?"

"मोडला पाय," पाटील म्हणाले.

तो रडला. आमची पहिली मुलगी गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. मी त्याच्या तोंडातली माती पदरानं पुसत होते, आणि तो माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होता. मी मुद्दाम मधे सरकले. तो मान वाकडी करून बघायला लागला.

त्याला बाजेवर घालून घरी आणलं. त्या हातानं त्याला पुन्हा कासरा धरता आला नाही. बैल त्याच आठवड्यात मेला. नवरा जगला.