सुट्टीतली कावीळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एखाद्या माणसाविषयी लिहायला जी नजर लागते ती माझ्याकडे आहे की नाही, मला खरंच ठाऊक नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितोय ते नाना माझ्या वडिलांपेक्षाही मोठे. म्हणून या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो. पण नानांनी मला इतका वैताग आणलाय, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाना जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये कामाला. राहतात आमच्याच गल्लीत. पायात चप्पल सरकवताना रोज एकच वाक्य: “पहिले हजेरी, मंग बठ्ठं.” आधी हजेरी, मग बाकी सगळं. मुलीच्या लग्नादिवशीसुद्धा हळद लागलेल्या हातांनी मिलमध्ये तोंड दाखवून आले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, मांडवात येईल त्याला सांगत होत्या, “नवरदेव उना, पन नवरीना बाप मिलमा गया!”

त्या मिलमधल्या जुन्या कामगारांचा स्वतःचा एक कायदा होता. फार वर्षांपूर्वी एकाचा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला, त्याला भरपाई मिळाली. दुसरा घरी आजारी पडून खाटेला खिळला, त्याला कुणी विचारलं नाही. यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलं, की पडायचं तर गेटच्या आत पडायचं. ताप आला की माणसं आधी कामावर जात आणि मग आजारी पडत. हसू नका. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस निघेल.

त्या वर्षी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना धरणगावकडे आपल्या गावी गेले. सण करून परत आले तेव्हा डोळे तुरीच्या डाळीसारखे पिवळे.

“नाना, ही कावीळ आहे.”

“डाळनी धूळ शे ती.”

“सणाला गावी डाळमिल होती का?”

नाना इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “भाऊ, सुट्टीमा बिमार पडना तो आपला. कामवर पडना तो मालकना. आज कामवर जासू, तठेच पडसू.”

मी समजावलं. पगारातून दर महिन्याला विम्याचे पैसे कापले जातात ते यासाठीच. आजार गावी झाला काय किंवा झोपेत झाला काय, विम्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली की त्या दिवसांचा बराचसा पगार मिळतो. उलट विश्रांतीच्या दिवसांत कामावर गेलात, तर त्या दिवसांचा विमा गेला. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं. सांगताना मी नानांकडे न बघता जमिनीकडे बघत होतो, कारण पुस्तकाच्या जोरावर मोठ्या माणसाशी वाद घालायची सवय आमच्याकडे कुणालाच नाही.

नाना हसले. “वकीलसाहेब, काम नही करं तरी पैसा? मालक काय येडा शे?”

“मालक नाही, विमा देतो.”

“मंग विमावाला येडा शे का?”

शेवटी अक्कांनी एका हाताला धरलं, मी दुसऱ्या, आणि त्यांना विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “त्रास कधीपासून?”

“आज सकाळपासूनच, साहेब. कामावर असताना सुरू झाला,” नाना शुद्ध मराठीत म्हणाले. खोटं बोलताना ते नेहमी शुद्ध बोलतात.

डॉक्टरांनी त्यांची पापणी खाली ओढली. “एका सकाळीत माणूस इतका पिवळा होत नाही, बाबा. अंगावर काढाल तर जिवावर बेतेल.” आणि विश्रांतीचं सर्टिफिकेट लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर नाना सायकलवर! अक्का दारातून ओरडताहेत, आणि नाना खिशावर हात ठेवून म्हणताहेत, “कागद शे ना खिसामा, मंग काय भीती?” आता काय बोलायचं अशा माणसाला? विश्रांतीचा कागद त्यांनी तावीज केला होता. तो खिशात ठेवून ते डाळीची पोती उचलत राहिले, आणि व्हायचं तेच झालं. एके दिवशी पोत्यांवरच कोसळले. गेटच्या आत. दवाखान्यात भरती करताना डॉक्टर माझ्यावरच डाफरले, “शिकलेला आहेस ना? समजावता येत नाही का?” खरं सांगतो, त्या क्षणी मला पुस्तक, डॉक्टर आणि नाना या तिघांचाही सारखाच राग आला.

महिनाभर त्यांना सक्तीनं घरी ठेवलं. त्या दिवसांचे विम्याचे पैसे खात्यात आले. नाना म्हणाले, बँकेची काहीतरी चूक झाली असणार. कुणी परत मागायला येईल म्हणून त्यांनी त्या पैशांना हात लावला नाही. अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. अंगात ताकद आली तशी नानांची सायकल पुन्हा सुरू झाली.

पावसाळ्यात मला धुळ्याला कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. निघताना मी हात जोडून म्हणालो, “नाना, पुन्हा अंगात ताप आला तर घरी झोपा. माझ्यासाठी एवढं करा.”

“दखसू,” नाना म्हणाले. त्यांच्या ‘दखसू’चा, म्हणजे ‘बघू’चा, अर्थ ‘नाही’ असाच असतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

दिवाळीच्या आधी एका दुपारी वडिलांचा फोन आला. आवाज दबलेला. “नाना वारले म्हणतात. मी अजून कामावरच आहे, पण त्यांच्या मिलमधली माणसं हार घेऊन आपल्या गल्लीत गेली, असं कळलं.”

मी वर्गाबाहेर आलो. अक्कांना फोन लावताना नंबर दोनदा चुकला. अक्कांनी उचलला, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, “तू बी तेच इचारस का? कोन मरनं? आठे घोरी राह्यनात!”

अक्कांनी सांगितलं, सकाळी नानांना कणकण वाटत होती. चप्पल घालून ते उंबऱ्यापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि चप्पल काढून पुन्हा खाटेवर आडवे झाले. मिलमध्ये हजेरीच्या वेळी नाना नाहीत म्हटल्यावर मुकादमानं दुसरं कारण शोधलंच नाही. तो माणसं आणि हार घेऊन आला, नानांना झोपलेलं पाहून ओशाळला, आणि चहा पिऊन गेला. हार अक्कांनी देवाच्या फोटोला घातला होता.

“उठाडू का त्यास्ले?” अक्कांनी विचारलं.

“नको, नको. झोपू द्या.”

“मंग आयक,” म्हणत त्यांनी फोन खाटेजवळ नेला. कॉलेजच्या जिन्यात कानाला फोन लावून मी नानांचं घोरणं ऐकत उभा राहिलो.