दुसऱ्या बाजूची शिट्टी

मी नवरा शिट्टीवर पसंत केला. रस्त्यावरच्या नव्हे, रेकॉर्डवरच्या.

आमच्या वडिलांना गाण्याच्या बैठकीत माइकजवळ बसायची खोड होती. उज्जैनच्या मराठी मंडळींत तेव्हा एक-दोघांकडेच स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. बैठकीचं रेकॉर्डिंग झालं की पुढच्या रविवारी सगळे ते ऐकायला जमत. टेपमधला गायक समेवर आला की वडील बोट वर करत, “ही ‘वा’ माझी!” टेपवर ज्याची दाद तो खरा रसिक, असा आमच्या घरचा कायदा.

अशा घरात हे मला बघायला आले. कापड गिरणीत इंजिनियर, नवी मशिनं शिकायला विलायतेत राहून आलेले. फ्रीगंजमधल्या आमच्या बैठकीच्या खोलीत भैरूगढची छापील चादर अंथरलेली, पोहे झालेले, माझं नाट्यपद गाऊन झालेलं. वडिलांनी टेप लावून आपली ‘वा’ ऐकवली. तर हे म्हणाले, “माझीही शिट्टी आहे, एका रेकॉर्डवर.”

दुसऱ्या दिवशी ती रेकॉर्ड घेऊन स्वतः हजर. तिकडच्या एका रॉक बँडचा भर थिएटरातला कार्यक्रम. एकेका बाजूला एकच गाणं, मध्येच ताल बदलणारं, कुठे ऑर्गन, कुठे बासरी, आणि गायक आपल्या सवडीने उगवणारा. दुसऱ्या बाजूला एके ठिकाणी ड्रम थांबले आणि टाळ्यांच्या वरून एक लांब शिट्टी गेली.

“मी,” हे म्हणाले.

आई माझ्या कानात पुटपुटली, “हे गाणं आहे की भांडी पडताहेत?” पण मी केव्हाच विरघळले होते. परक्या देशात, गोऱ्यांच्या गर्दीत, गाण्याने इतका वेडा होणारा माणूस! गाणाऱ्या मुलीला आणखी काय पाहिजे? त्या वेळची मी म्हणजे अकलेचा कांदा. यांच्याआधी बघायला आलेल्या ज्या बँकेतल्या मुलाने माझं पद पुन्हा म्हणायला लावलं होतं, त्याला मी ‘फार साधा’ म्हणून नकार कळवला.

लग्नानंतर रोज सकाळी मी गायला बसायची आणि हे शेजारी पेपर वाचायचे. छान नाही की वाईट नाही. मी कुठे कार्यक्रमात गायले, तर घरी येताना विचारायचे, “जेवण ठीक होतं, नाही?” मी मनाची समजूत घालायची, ज्याने ते विलायती वादळ ऐकलंय, तो माझ्या तोडी रागाला उगाच कशाला मान डोलावेल? हा आतल्या आत ऐकणारा माणूस. मैत्रिणींना मी हेच सांगायची, वर रेकॉर्ड लावून शिट्टीही ऐकवायची.

या हिवाळ्यात नात सुट्टीला आली. तिला असली गाणी आवडतात. तोच अल्बम तिला मोबाइलवर सापडला, नव्याने काढलेला. मी म्हटलं, “थांब, आता आजोबा येतील.”

ड्रम थांबले. लांबून थोड्या टाळ्या आल्या. बाकी काही नाही.

“पुढे सरकलं वाटतं गं.”

“नाही आजी, ही ओरिजिनल टेप आहे, त्या दिवशी जशी झाली तशी. पब्लिकचा गोंगाट बँडने नंतर स्टुडिओत जोडला होता. त्यांनी खुद कबूल केलंय, सगळ्या फॅन्सना मालूम आहे.”

“आणि शिट्टी?”

“तीपण. दुसऱ्याच कुठल्या तरी कार्यक्रमातून उचललेली.”

नातीला बँडचा राग आला होता. मला बँडशी काय करायचंय? मी तडक गच्चीवर गेले. हे उन्हात संत्रं सोलत बसले होते.

“शिट्टी वाजवा,” मी म्हटलं.

“काय?”

“तीच. लांब.”

सासूबाईंनी घरात शिट्टीला बंदी केली होती, अवदसा येते म्हणायच्या. म्हणून यांच्या तोंडून ती मी कधी ऐकलीच नव्हती, आणि हे माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

“अगं, आता कवळी आहे.”

“काढा.”

त्यांनी खरंच काढली. दोन बोटं तोंडात घालून फू फू केलं. नुसती हवा. मागून आलेली नात हसून हसून दारातच बसली. मीही हसले, भई, हसू येणारच. मग तिला चहा टाकायला खाली पिटाळलं.

“पूर्वी तरी येत होती?”

त्यांनी आधी कवळी परत बसवली. “नाही.”

“कार्यक्रमाला तरी गेला होतात?”

“गेलो होतो. झोप लागली.” मग संत्र्याकडे बघत म्हणाले, “तुझ्या वडिलांनी ती ‘वा’ ऐकवली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहीतरी बोलावंच लागलं.”

“ते राहू द्या. माझं गाणं?”

“मला त्यातलं काही कळत नाही गं. कधीच नाही कळलं. तुला वाटायचं कळतं, म्हणून गप्प बसायचो.”

शिट्टीचं खोटं मी तिथल्या तिथे माफ केलं. मुलगी बघायला आलेला माणूस एवढं तेवढं बोलतोच. पण ते गप्प बसणं? त्यातून मी बाईने काय काय अर्थ काढले होते! कोमल गंधारावर रेंगाळले की यांचं पेपराचं पान उलटायचं थांबतं, असंही एका मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं. बातमी मोठी असेल.

आता गायला बसण्याआधी मी त्यांच्या हातात पिशवी देते आणि टावर चौकात भाजीला पाठवते. पहिल्या दिवशी ते मुकाट्याने गेले. मी तानपुरा जुळवला, डोळे मिटले आणि षड्ज लावायला तोंड उघडलं. लागला नाही. इतकी वर्षं तो सूर पेपरामागे बसून ऐकणाऱ्या, मीच मनात रचलेल्या एका माणसासाठी लागत होता, आणि तो माणूस काही भाजी घेऊन परत येणार नव्हता.