गुळाचा खडा

डॉक्टरनं मला न विचारताच 'दारू' या शब्दापुढं 'होय' लिहिलं.

मी समोर बनियनवर उभा होतो. चिंचवडच्या आमच्या फाउंड्रीत खोकल्याची माणसं फार झाली, म्हणून पुण्याहून तपासणीवाले आले होते. कॅन्टीनमध्ये टेबल मांडलेलं. छातीच्या आधी घरची चौकशी. खोल्या किती, खाणारी तोंडं किती, संडास आहे का. जात विचारली. बौद्ध, म्हणालो. डॉक्टर शेजारच्या लेबर ऑफिसरकडं बघून गालात हसला, आणि मग ते 'होय' लिहिलं. माझे कान तापले. तरी गप्प राहिलो. नोकरी प्यारी होती, खोटं कशाला बोलू?

त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं. "अंगठा लाव."

अंगठा! मी मॅट्रिक पास. टेबलाच्या या बाजूनं त्याचं अक्षर उलटं वाचत होतो.

मला दादा आठवला. माझा थोरला भाऊ. त्यानंच मला इथं चिकटवलं. साचे फोडायचे, वाळू झाडायची, हेच काम त्याचंही. दोन वर्षं खोकून खोकून गेला. कंपनीत म्हणाले, दारूनं गेला. दादानं दीक्षेच्या दिवशी शपथ घेतली होती, त्यानंतर थेंब ओठाला लावला नाही. मला हे माहीत होतं. मी तेव्हाही गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

आमच्या खात्यात दर शिफ्टला प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा, घशातली धूळ उतरावी म्हणून. ऑफिसातल्यांना नाही. त्या दिवशीचा खडा कागदात बांधून पँटच्या खिशात होता. मी तो काढून फॉर्मवर ठेवला.

"सायेब, माझ्या खोल्या मोजल्या. आता हे लिवा. कंपनी आमाला रोज गूळ कशापायी देती?"

लेबर ऑफिसर म्हणाला, "तसा रकाना नाही. शहाणपणा करू नकोस."

मी टेबलावरचं पेन उचललं. 'होय' खोडलं. खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: वाळूची धूळ, नऊ वर्षं. पूर्ण नावानं सही केली.

ऑफिसरनं माझ्यादेखत तो फॉर्म फाडला.

फाडू दे. कुणी विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तरी सांगेन. दादा दारूनं गेला नाही. धुळीनं गेला. आणि कंपनीला ते ठाऊक होतं, म्हणून तर गूळ वाटत होती.