हाली गायब झाला तेव्हा

भर हंगामात जालन्याच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि बोलीचा एक आवाज नव्हता. भरदुपारी बैलांचं रवंथ ऐकू येत होतं. नाणी बदलून देणारे सराफ रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत होते. तोंडानं कोणी बोलेना.

मी सरकारी बँकेत एक्स्चेंज क्लार्क होतो. निजामी राज्यात तेव्हा दोन रुपये चालत. संस्थानचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. शंभर कलदाराला साधारण एकशे सोळा हाली मिळत. हा दर सांभाळणं बँकेचं काम. हाली पडला की बँक तो विकत घेई. चढला की बाजारात सोडी.

बाहेरचे व्यापारी कलदार घेऊन आलेले. शेतकऱ्याला पैसे हालीत द्यायचे. सराफांनी हाली दाबून ठेवला, शंभराला एकशे दहासुद्धा देईनात. खरेदी ठप्प.

हसनाबादचा एक शेतकरी बँकेच्या पायरीवर बसून होता. म्हणाला, "सायब, तीन दिस झाले. कडबा संपून राह्यला. बैल न्हाई टिकायचे आता."

मी आत गेलो. मॅनेजर साहेब हैदराबादचे. म्हणाले, "बोर्ड लावा. एकशे सोळा. पाहिजे तेवढा हाली मिळेल."

"साहेब, तिजोरीत दुपारपुरताच आहे. हैदराबादहून हालीची पेटी उद्या येणार."

"मालूम आहे. हात थांबू देऊ नका. जल्दीही नको."

बोर्ड लागला. अंगण माणसांनी भरलं, पण कुजबूजही नाही. पहिल्या व्यापाऱ्यानं कलदार ठेवले, मी हाली दिले. दुसरा आला. तिसरा. सगळ्यांच्या नजरा माझ्या बोटांवर. पाठीमागचा तिजोरीचा कप्पा रिकामा होत होता, हे त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं. मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटत होतं. मागे वळायची हिंमत झाली नाही.

मोठे सराफ गुलाबशेठ खिडकीशी वाकले. हळूच म्हणाले, "बराबर सांगा. आत किती हाये?"

मी विचारलं, "तुम्हाला किती पाहिजे, शेठ?"

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, ती हाली मोजतच होती. मग ते मोंढ्याकडे निघाले.

अर्ध्या तासानं मोंढ्यातून पहिली हाळी आली. गुलाबशेठच एकशे सतरानं हाली विकत होते. बँक एकशे सोळानं देत राहणार, मग दाबून ठेवलेला हाली अंगावर पडेल, असा त्यांचा हिशेब. बाकीचे सराफ त्यांच्यामागे. माझ्या खिडकीपुढची रांग विरली. कप्प्यात दोन थैल्या उरल्या होत्या. संध्याकाळपर्यंत हसनाबादच्या माणसाची गाडी रिकामी झाली होती.

पेटी दुसऱ्या दिवशी आली. पंधरा दिवस तिचं सील फोडावं लागलं नाही.

त्यानंतर नोकरीभर लोक मला विचारत, रुपयाचा दर कशावर ठरतो? मी सोनं, चांदी, व्यापार अशी नेहमीची उत्तरं देई. ती खोटी नाहीत. पण त्या दुपारी तो दर दोन थैल्यांवर आणि माझ्या न थरथरलेल्या हातावर उभा होता.