माझ्या मुलीची मुलुंडची मैत्रीण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण किस्सा जसा पुढे जाईल तशी त्यातली सगळ्यात मोठी गाढव मीच निघणार आहे. चहा घ्या ना, गार होतोय.

तर माझी मुलगी सानिका. पाचवीत. अकरावा वाढदिवस महिन्यावर आला होता, तेव्हाची गोष्ट. तिला मोबाइलवरच्या एका चित्रकथेचं वेड लागलं होतं. त्यात सहा मजली बिल्डिंगला एके दिवशी सातवा मजला फुटतो आणि त्यावर शाळा भरते. बरं, वाचून गप्प बसावं की नाही? नाही! त्या कथेच्या चाहत्यांचा एका ॲपवर ग्रुप आहे. तिथे दिवसभर चर्चा: कुठला भाग भारी, कोण कुणाशी वाईट वागलं. आणि प्रत्येकाने आपलं एक पात्र बनवायचं, मूळ गोष्टीत नसलेलं, आपल्या डोक्यातलं. त्याला ही पोरं ओसी म्हणतात. मग हे ओसी लोक एकमेकांशी बोलतात, भांडतात, सातव्या मजल्यावर हिंडतात.

दुसरी एखादी आई म्हणाली असती, बरंय, पोरगी काहीतरी लिहितेय. मी? मी तीन दिवस नेटवर 'मुलं ऑनलाइन कुणाशी बोलतात' हे शोधत बसले. तुम्ही शोधू नका. जेवण जात नाही.

"अगं, तिलाच विचार ना," मंदार म्हणाला. मंदार माझा नवरा.

"ती सांगेल?"

"नाही सांगितलं तर सोड."

बाप असणं किती सोपं असतं!

मी काही सोडलं नाही. मी सरळ त्या ग्रुपमध्ये घुसले. नाव मीरा, वय अकरा, राहणार मुलुंड. आम्ही बोरीवलीचे. आमच्यासाठी मुलुंड म्हणजे परदेशच, कोण जातंय तपासायला! दुसरं नाव सुचेना म्हणून माझ्या पात्राचंही नाव मीराच ठेवलं. फॉर्ममध्ये 'शक्ती' असा रकाना होता. पोरांनी काय काय लिहिलेलं! कोण वीज गिळतं, कोण अदृश्य होतं. मी लिहिलं, 'सगळ्यांची काळजी घेते.'

ग्रुप चालवणारा तेरा वर्षांचा एक कॅप्टन होता. त्याचं लगेच उत्तर आलं, "ही ओसी आहे की सोसायटीची सेक्रेटरी?"

सगळे खिदळले. आणि एकटी सानिका लिहिते, "असू दे ना यार. मला आवडली."

शप्पथ सांगते, घरात इतक्या वर्षांत माझ्या बाजूने ती एवढं कधी बोलली नव्हती.

तिचं पात्र होतं झुई. भिंतीवरून चालणारी. खाली माहिती: बाबा आहेत, आजी आहे, आई वारली.

आता तुम्हीच सांगा, मी गप्प कशी बसणार?

"आई का वारली गं?" मीराने, म्हणजे मी, विचारलं.

"आई असली की स्टोरीच पुढे जात नाही. भिंतीवर चढलं की 'उतर, पडशील' सुरू."

"मग तिला गावाला पाठव ना. मारायलाच पाहिजे का?"

"तू पण ना! ती गावाहून व्हिडिओ कॉल करेल."

बरोबर होतं हो तिचं. मी केलाच असता.

आणि गंमत म्हणजे मला ते सगळं आवडायला लागलं. मीरा आणि झुई सातव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये अडकल्या, त्या दिवशी माझी अख्खी आमटी करपली. आणि मग एका दुपारी सानिकाने गोष्ट बाजूला ठेवून लिहिलं, "मीरा, एक सांगू? डब्याच्या सुट्टीत मी एकटीच बसते. या वर्षी तुकड्या बदलल्या ना. माझ्या सगळ्या मैत्रिणी 'अ'मध्ये गेल्या. मी जवळ गेले की त्या गप्प होतात."

ती बेडरूममध्ये टॅबलेट घेऊन. मी स्वयंपाकघरात फोन घेऊन. मधे एक भिंत. रोज संध्याकाळी मी विचारायचे, कुणाबरोबर डबा खाल्लास? रोज उत्तर यायचं, सगळ्यांबरोबर. आणि मी समाधानाने डबा विसळायला घ्यायचे.

"आईला सांग ना," मी कसंबसं टाइप केलं.

"वेडी आहेस? ती पॅनिक होते, मग शाळेत येते. दुसरीत माझी बाटली हरवली तर डायरेक्ट मुख्याध्यापिकांकडे गेली होती."

गेले होते. चांगली स्टीलची बाटली होती.

"तू आहेस ना," तिने लिहिलं. "बास झालं."

झाली ना पंचाईत? कळलंय, पण कळलंय असं दाखवायचं नाही. शाळेत जायचं तरी कोणत्या तोंडाने, मीराच्या? तेव्हाच तिला जवळ बसवून खरं सांगायला हवं होतं. पण मग मीरा संपली असती, आणि पोरीला तेवढी एकच तर होती. असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळंच होतं. माझ्याशी कुणीतरी मनातलं बोलत होतं. ते मला सोडवेना.

वाढदिवस जवळ आला. "कुणाकुणाला बोलवायचं?" मी विचारलं.

"फक्त मीराला."

मीराने लगेच कळवलं की तिची आई खूप स्ट्रिक्ट आहे, पाठवणार नाही. मला वाटलं सुटले. तर सानिका म्हणते, "तिचा नंबर दे. माझी आई बोलेल. ती बोलायला लागली ना, की समोरचा थकून हो म्हणतो."

मग मीराने सुचतील ते दहा आकडे पाठवले. आणि मी हॉलमध्ये उभी राहून, आकडे दाबल्यासारखं करून, फोन कानाला लावला. समोर सानिका, दोन्ही हात जोडून. सोफ्यावर सासूबाई कोथिंबीर निवडत.

"नमस्कार! मी सानिकाची आई बोलतेय… हो हो, तीच… अय्या, तुम्ही पण चिपळूणच्या?" मला चेवच चढला हो! "रविवारी म्हणत होते… काय? बारसं? तुमच्या नणंदेकडे? अरेरे…"

आणि माझ्या कानाशी फोन खणाणला. मंदार! केकवर काय लिहायचं ते विचारायला.

"गो, तुज्या कानात फोन वाजता," सासूबाई म्हणाल्या.

"कॉल वेटिंग," मी म्हणाले.

"कॉल वेटिंगला अशी रिंग वाजत नाही, आई," सानिका म्हणाली. हात अजून जोडलेलेच होते, सोडायचे राहिले होते.

मी काय करावं? माणसाने गप्प बसावं ना? मी बाथरूममध्ये पळाले, कडी लावली आणि मीरा होऊन लिहिलं, "सानू, आत्ताच तुझ्या आईचा फोन आला होता. किती गोड बोलतात गं! पण रविवारी आत्याकडे बारसं आहे."

बाहेर टॅबलेट टिंग वाजला. मग पावलं. मग दारावर टकटक.

"मीरा, बाहेर ये. आजीला जायचंय."

मी बाहेर आले. सासूबाई आत गेल्या. सानिका रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"लिफ्टमध्ये अडकलो, तेव्हा पण तूच होतीस?"

"हो."

"डब्याचं सांगितलं, ते पण तुलाच?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

वाढदिवस झाला. केक, फुगे, आम्ही चौघं. सानिकाने कॅप्टनला सांगितलं आणि त्याने मला ग्रुपमधून काढलं. खाली टीप: 'पुन्हा यायचं असल्यास आईबाबांची परवानगी आणणे.' दोन दिवसांनी मी धीर करून विचारलं, "सानू, शाळेचं जरा बोलूया का?"

"ते मी मीराला सांगितलंय."

"अगं, मीरा मीच ना!"

"मग तुला माहितीये. परत कशाला विचारतेस?"

परवा शाळेतून आली ती उड्या मारतच. म्हणाली, आज सुट्टीत दोघी होतो. मला एवढा आनंद झाला, काय सांगू! म्हटलं, "कोण गं ती? नाव काय तिचं?"

सानिकाने बूट काढता काढता माझ्याकडे नीट बघितलं.

"नाही सांगणार. सांगितलं की तू तीच होशील."